बत्तीस नंबरचा अर्धविराम

आमच्या पप्पांना विरामचिन्हांची खोड होती. आवड म्हणत नाही, कारण आवड माणूस पाहुण्यांसमोर आवरतो. लग्नपत्रिका घेऊन कुणी दारात आलं, की पप्पा आधी पाकीट उघडायचे, मग चष्मा लावायचे, मग लाल पेन काढायचे, आणि "या, बसा" हे सगळ्यात शेवटी. एकदा सख्ख्या आत्याच्या मुलीच्या पत्रिकेत तीन स्वल्पविराम घालून त्यांनी ती आत्याच्याच हातात परत दिली. आत्या वर्षभर आमच्याकडे जेवली नाही.

धायरीला आम्ही नव्या इमारतीत राहायला गेलो, तेव्हा तिथल्या सेक्रेटरींनी फळ्यावर एक सूचना लिहिली होती: "पाणी येणार नाही उद्या सकाळी भरून ठेवावे". मध्ये ना टिंब, ना काही. अर्धी इमारत दुसऱ्या दिवशी सकाळी बादल्या घेऊन कोरड्या नळासमोर उभी. पप्पांनी आदल्या संध्याकाळीच पिंप भरून ठेवलं होतं. मग त्यांनी खाली जाऊन "सकाळी" या शब्दापुढे एक ठसठशीत पूर्णविराम दिला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, "पुढील वेळी आधी द्यावा, ही विनंती." सेक्रेटरींना त्यानंतर पप्पा जिन्यात दिसले, की त्यांच्या बुटाची लेस हमखास सुटायची.

ही खोड कुठून आली ते मला ठाऊक होतं. माझे आजोबा खडकीच्या एका कारखान्यात कामाला होते. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. धम्म घेतला तेव्हा त्यांनी कोनाड्यातले देव काढले आणि त्या जागी पप्पांच्या शाळेच्या वह्या ठेवल्या. रोज संध्याकाळी पप्पांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं आणि आजोबांनी शेजारी बसून बघायचं. पप्पांनी घाईत एखादं चिन्ह गाळलं, की आजोबा त्यावर बोट ठेवायचे. "हितं काय लिवलंय? ते पण वाच." म्हणून पप्पा चिन्हंही वाचायला लागले, आणि साठीला आले तरी तसंच वाचत राहिले. मला पत्र सांगायचे तेसुद्धा "महोदय, स्वल्पविराम" असं. मी त्यांची नक्कल करायची आणि आई पदरात हसायची.

पप्पा एका संशोधन संस्थेत तांत्रिक सहायक होते. संस्थेचं शेत वाघोलीच्या पुढे. वरचे साहेब यायचे, जायचे, पप्पा तिथेच. काम गव्हावरच्या तांबेऱ्याचं. तांबेरा म्हणजे पानावर येणारी बुरशी. पानावरून बोट फिरवलं तर गंज लागावा तशी पूड बोटाला लागते, आणि ओंबी भरायच्या वेळी हा पाहुणा आला तर दाण्याचं चिपाड होतं. काही गव्हांमध्ये मात्र त्याला थोपवण्याचा गुण जन्मतःच असतो. तो गुण संकराने दुसऱ्या गव्हात आणायचा, आणि आला की नाही हे बघायला काचघरातल्या कोवळ्या रोपांवर मुद्दाम तांबेऱ्याची पूड फवारायची. दोन आठवड्यांनी भिंग घेऊन पान न् पान तपासायचं. आईला हे काही केल्या पटायचं नाही. लोक झाडाला रोग लागू नये म्हणून फवारतात, आणि अहो, तुम्ही रोगच फवारता, असं ती पाहुण्यांसमोर म्हणायची.

त्यात बत्तीस नंबर हा पप्पांचा स्वतःचा. खिरीचा खपली गहू असतो ना, ज्याचं टरफल काढता काढता बायकांचे हात भरून येतात, तो तांबेऱ्याला फारसा जुमानत नाही. पप्पांनी बन्सी गव्हाच्या ओंबीतले पुंकेसर चिमट्याने एकेक करून काढले आणि त्यावर खपलीचे पराग टाकले. हे काम कुणी त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्या वेळच्या साहेबांनी "बघा करून" एवढीच परवानगी दिली होती. मग दरवर्षी पेरायचं, निवडायचं, पुन्हा पेरायचं, असं करत कितीतरी वर्षांनी जी वाणं हाताशी आली त्यातलं हे एक. छापून येणाऱ्या लेखांवर साहेबांची नावं असायची. बत्तीस नंबरवर कुणाचंच नाव नव्हतं, पण शेतावरचे सगळे त्याला "तुमचं बत्तीस" म्हणायचे. आई त्याला सवत म्हणायची. थंडी पडली, की सवतीला पांघरूण घालून आलात का, म्हणून विचारायची.

मी तेव्हा नुकतीच कॉम्प्युटर इंजिनियर होऊन कंपनीत लागले होते. दोन हजार साल तोंडावर आलं होतं आणि जगातल्या जुन्या प्रोग्रॅमांमध्ये सालाचे दोनच आकडे लिहिलेले होते. ते चार करायचे, नाहीतर सगळं बंद पडेल, अशी हवा होती. पुण्यातली निम्मी तरुण पोरं त्याच कामाला जुंपली होती. पप्पांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे कुणीतरी एकोणीस लिहायचं विसरलं, ते तू भरतेस?" मी हो म्हटलं. "आणि त्यासाठी तुला न्यायला दारात बस येते," ते म्हणाले आणि लाल पेन घेऊन वर्तमानपत्रात शिरले. एक गोष्ट मात्र त्यांना फार आवडली. मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहायची तिच्यात वाक्याच्या शेवटी अर्धविराम राहिला, तर प्रोग्रॅम चालतच नाही. हे ऐकल्यावर पप्पा म्हणाले, कंपनी चांगली दिसते.

ते निवृत्त व्हायला सहा महिने उरले, तेव्हा संस्थेत फर्मान निघालं की वह्यांमधल्या सगळ्या नोंदी आता कॉम्प्युटरवर घ्यायच्या. बाहेरचं शिक्षण घेऊन आलेले तरुण साहेब नवीन होते. येत्या हंगामात काय पेरायचं आणि काय बाद करायचं, ते त्या यादीवरूनच ठरणार होतं. संस्थेत एकच कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढे रांग. पप्पांनी छाती काढून सांगून टाकलं, माझी मुलगी करून देईल. आमच्याकडे सुटे भाग जोडून घेतलेलं एक यंत्र होतंच. झालं, रोज संध्याकाळी सहा ते आठ आमचा कार्यक्रम ठरला. पप्पा खुर्चीत वही घेऊन, मी कीबोर्डवर, आणि आई मध्ये पोह्यांची ताटली ठेवून जाणार.

पप्पा वाचायचे. तीस, तीन. एकतीस, चार. बत्तीस, अर्धविराम. तेहतीस, चार.

मी मनात म्हटलं, घ्या. बत्तीसपुढे काही लिहिलेलं नाही आणि ह्यांनी सवयीने चिन्ह वाचलं. तरी मी इमानेइतबारे अर्धविराम टाईप केला. पूर्ण वहीत असे पाच अर्धविराम आले. एकदा पप्पांनी थांबून चष्मा काढला आणि म्हणाले, ह्या अर्धविरामाचं काय आहे, सांगू का? मला सकाळची बस गाठायची होती. मी म्हटलं, "पप्पा, मला रोज हजार अर्धविराम लिहावे लागतात, तुम्ही पुढे वाचा." ते पुढे वाचायला लागले.

यादी तयार करताना माझा प्रोग्रॅम त्या पाच जागी अडला. त्याला आकडे हवे होते आणि मध्येच हे टिंब-शेपटीचं प्रकरण. मी दोन ओळी लिहून सगळे अर्धविराम पुसून टाकले. त्या पाच वाणांपुढे आता काहीच नव्हतं, म्हणून प्रोग्रॅमने शिस्तीत लिहिलं, "नोंद नाही", आणि त्यांना शेवटच्या पानावर हाकललं. मला तर फार हुशारी केल्यासारखं वाटलं. भोकांच्या पट्टीचा तो लांबलचक कागद मी पप्पांना दिला आणि एकदा तपासून बघा म्हटलं. ज्या माणसाने आत्याची पत्रिका सोडली नाही, त्याने माझी यादी तपासली नाही. "इंजिनियरने केलीय," ते म्हणाले आणि कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी संस्थेत ती यादी शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांनी पाहिली, कारण पप्पांनी ती सगळ्यांना दाखवली.

सप्टेंबरअखेर पप्पा निवृत्त झाले. नोव्हेंबरात पेरणीच्या दिवशी नव्या साहेबांनी त्यांना आवर्जून बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले, संध्याकाळी आले, हातपाय धुतले आणि गॅलरीत बसले. पेरणी कशी झाली विचारलं तर म्हणाले, झाली. मीही फार चौकशी केली नाही.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तशी आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. तिचा चेहरा उतरला होता. पप्पांना काहीतरी होतंय, म्हणाली. मी घाबरले, दुखतंय का विचारलं. तिने मान हलवली आणि तीन दिवसांचे वर्तमानपत्रांचे अंक माझ्यापुढे टाकले. लाल पेनाची एकसुद्धा खूण नव्हती.

मी गॅलरीत जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि झालं काय ते सांगितल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. बराच वेळ ते कुंडीतली माती उकरत राहिले. मग म्हणाले, बत्तीस बाद झालं. यादीत नोंद नव्हती, म्हणून पेरलं नाही. बाद झालेल्या बियाण्याच्या पाकिटांची पोती कोंबडीखाद्यवाल्याला जायची आहेत. हंगाम गेला, आणि पुढच्या वर्षी कोण विचारतो?

मी आत जाऊन वही आणली. बत्तीसच्या ओळीवर बोट ठेवलं, अगदी आजोबांसारखं. नीट जपून काढलेला एक अर्धविराम, एवढंच होतं.

"पप्पा, इथे तुम्ही आकडा लिहिलेलाच नाही. नुसता अर्धविराम आहे."

"मग? तीच नोंद," ते म्हणाले.

नंतर त्यांनी मला जे सांगितलं, ते त्यांना सहा महिन्यांपूर्वीच सांगायचं होतं. पानावर काहीच दिसलं नाही तर शून्य लिहायचं. पूड धरलेले फोड दिसले तर त्यांच्या आकारावरून एक ते चार. चार म्हणजे गेलंच. आणि पानावर फोड नसून नुसते सुईच्या टोकाएवढे सुकलेले ठिपके असले, तर अर्धविराम. जगभर तसंच लिहितात. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण ठिपका आणि त्याची शेपटी बघून त्यांना स्वतःला ते पटलं होतं. तांबेऱ्याला जिवंत पानच खायला लागतं. तो आत घुसला, की असला गहू तेवढ्याच जागेपुरतं स्वतःचं पान मारून टाकतो. मेलेल्या जागी तांबेरा उपाशी मरतो. जखमेवर धरते तशी खपलीच ती, पप्पा म्हणाले, आणि खपलीकडूनच आलेली. शून्यावर त्यांचा तेवढा भरवसा नसायचा, कारण शून्य दिसतं तिथे कदाचित रोग पोचलाच नसेल. अर्धविराम म्हणजे रोग आला होता आणि झाडाने त्याला तिथेच थांबवलं. त्या वाणाच्या जन्मापासून ते ह्या एका चिन्हाची वाट बघत होते, आणि मी ते कचरा म्हणून पुसलं होतं.

मला रडू फुटलं. रडता रडताच मी त्यांच्यावर ओरडले, कारण मला लाज वाटली की राग येतो. नोंद होती हे तुम्हाला माहीत होतं, यादी मी चुकवली हेही तिथे उभ्या उभ्या कळलं असेल, मग साहेबांना सांगितलं का नाही?

"काय सांगू?" पप्पा म्हणाले. "माझ्या मुलीला अर्धविराम कळला नाही म्हणून?"

मी डोळे पुसले आणि सकाळी तयार राहा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीची बस दारात येऊन गेली. दोन हजार साल माझ्यावाचून एक दिवस थांबलं. मी पप्पांना स्कूटरवर मागे बसवलं, वही त्यांच्या मांडीवर, आणि धायरीपासून वाघोलीपर्यंत अख्खं पुणं ओलांडलं. वाटेत त्यांनी मला दोन दुकानांच्या पाट्या वाचून दाखवल्या, दोन्ही चुकलेल्या. मला तेवढ्यानेसुद्धा जरा बरं वाटलं.

साहेबांसमोर मी सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी वही उघडली, ते पाच अर्धविराम एकेक करून पाहिले आणि खुर्चीवरून उठून थेट कोठाराकडे चालायला लागले. दोन पोत्यांपैकी एक कोंबडीखाद्यवाल्याने कालच उचललं होतं. दुसरं आम्ही तिघांनी जमिनीवर उपडं केलं आणि गुडघ्यांवर बसून कागदी पाकिटांचे नंबर वाचत सुटलो. साहेबांच्या पॅंटची पार वाट लागली. पाचांतली दोन पाकिटं सापडली. बत्तीसचा कोपरा उंदराने कुरतडला होता आणि तळाशी सव्वीस दाणे उरले होते. पप्पांनी ते तळहातावर घेऊन दोनदा मोजले, मग खिशातला रुमाल काढून त्यात बांधले. एकोणीस, अठ्ठावन्न आणि एकाहत्तर सापडले नाहीत. ते तीन नंबर मला अजून पाठ आहेत.

सव्वीस दाण्यांतले निम्मे शेतात एका आखूड ओळीत लावले आणि निम्मे काचघरातल्या कुंड्यांत. वयाने निवृत्त झालेला माणूस दर दोन दिवसांनी बस बदलून वाघोलीला जायला लागला. आईने डबा भरून देताना सवतीला माझा नमस्कार सांगा म्हणायला सुरुवात केली, म्हणजे घरातलं सगळं ठीक चाललं होतं. मला मात्र झोपेतसुद्धा कोंबड्या दिसायच्या. पाचांतल्या तीन वाणांची मेहनत त्यांनी कशी टिपली असेल, ह्या विचाराने मी कित्येक महिने अंडं खाल्लं नाही.

डिसेंबरअखेरीला कुंड्यांवर तांबेऱ्याची पूड फवारली. जग बुडेल म्हणून आमची अख्खी कंपनी एकतीस डिसेंबरला कॉम्प्युटरसमोर बसून होती. जग काही बुडलं नाही. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी कुंड्यांचे दिवस मोजत होते.

जानेवारीत एका रविवारी पप्पांनी मला सोबत यायला सांगितलं. आईसुद्धा आली, एकदा बघू दे, म्हणाली, कोण आहे ती. काचघरात साहेब आधीच हजर होते. शेजारच्या कुंड्यांतल्या रोपांवर केशरी फोड इतके दाट होते, की आईने पदर आवरून घेतला. पप्पांनी बत्तीसचं एक पान दोन बोटांत हलकेच धरलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. मी वाकून बघितलं. हिरव्या पानावर बारीक बारीक सुकलेले ठिपके होते. पूड नाही, फोड नाही. मी पान उलटून बघितलं, दुसरं पान बघितलं, तिसऱ्या कुंडीतलं बघितलं.

"नोंद सांग," पप्पा म्हणाले.

"बत्तीस," मी म्हटलं. "अर्धविराम."

साहेबांनी नोंद करायला रजिस्टर आणलं आणि बत्तीसच्या नोंदीचं पान उघडून टेबलावर ठेवलं. त्या पानावर नोव्हेंबरातल्या पेरणीच्या तारखेला पप्पांच्या वळणदार अक्षरात एक ओळ लिहिलेली होती: "बत्तीस: नोंद माझ्याकडून राहिली." खाली पप्पांची सही. हे मला माहीतच नव्हतं. सगळ्या नोकरीत ज्या माणसाची एक नोंद राहिली नाही, त्याने माझ्यासाठी हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं. मी साहेबांना म्हटलं, ही ओळ आत्ताच्या आत्ता खोडा. साहेबांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पा म्हणाले, रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही. लिहायचं असेल तर खाली लिहावं आणि सही करावी.

मी पेन मागितलं. त्यांच्या ओळीखाली, त्यांच्याइतकं सुबक नाही पण जमेल तेवढं नीट लिहिलं: "नोंद राहिली नव्हती; उतरवून घेणारीला ती कळली नाही." खाली सही केली.

पप्पांनी चष्मा पुसला, रजिस्टर जवळ ओढलं आणि ती ओळ सवयीप्रमाणे चिन्हासकट वाचली. त्यांचा हात खिशातल्या लाल पेनापर्यंत गेला आणि तसाच मागे आला.

"अर्धविराम बरोबर जागी आहे," ते म्हणाले.